बोजोले: कशी तयार होते, कशी निवडावी, कशी प्यावी

पहिल्यांदाच रेड वाइन घेणाऱ्याला तिच्यात सर्वांत आधी जाणवतो तो तुरटपणा. जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, फळाचा स्वाद त्या तुरटपणाआड हरवतो आणि रेड वाइन आपल्यासाठी नाही असे ठरवून पुष्कळजण तिथेच थांबतात. अशा वाचकाने फ्रान्सची बोजोले ही वाइन आधी घेऊन पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिचा रंग उजळ असतो, वासात ताजी चेरी, रासबेरी आणि कधी कधी फुलांचा दरवळ असतो, आणि घोट गिळल्यावर तोंड कोरडे न पडता त्याला पाणी सुटते. हा मऊपणा काही वाइन पातळ असल्यामुळे येत नाही. द्राक्षे न चिरडता, घडांसकट टाकीत भरण्याच्या एका निर्णयातून तो येतो. तो निर्णय नीट समजला, की दुकानात कोणती बाटली उचलावी, ती किती गार करावी आणि कोणत्या जेवणासोबत घ्यावी हे ठरवणे फार सोपे होते. म्हणून या लेखात निवडीआधी निर्मितीची माहिती दिली आहे.

प्रदेश आणि द्राक्ष

बोजोले हे मुळात प्रदेशाचे नाव आहे. फ्रान्सच्या पूर्व भागात, लियों शहराच्या उत्तरेला आणि सोन नदीच्या पश्चिमेला ज्या टेकड्या पसरल्या आहेत, त्यांच्या उतारांवर या द्राक्षबागा आहेत. प्रदेशाच्या उत्तर भागात झिजलेल्या ग्रॅनाइटची वाळूसारखी, पाणी धरून न ठेवणारी हलकी जमीन आहे, तर दक्षिणेत चिकणमाती आणि चुनखडी आढळते. दक्षिणेकडच्या गावांतील जुनी घरे तिथल्याच सोनेरी झाक असलेल्या चुनखडीच्या दगडांनी बांधलेली आहेत. जमिनीतला हा फरक पुढे बाटली निवडताना उपयोगी पडणार आहे, कारण या प्रदेशातील नावाजलेल्या वाइन जवळजवळ सगळ्याच उत्तर भागातून येतात.

इथे लाल वाइनसाठी मुख्यतः एकच जात लावली जाते आणि ती म्हणजे गामे. शार्दोने या पांढऱ्या द्राक्षापासून थोडी पांढरी बोजोलेही तयार होते, पण तिचा वाटा लहान आहे. गामेच्या घडातील मण्यांची साल पातळ असते, रसात आम्लता चांगली असते आणि टॅनिन, म्हणजे तोंड कोरडे पाडणारा घटक, मुळातच कमी असतो. जनुकीय तपासणीतून असे दिसून आले आहे, की पिनो न्वार ही शेजारच्या बर्गंडी प्रदेशाची प्रतिष्ठित जात आणि गुए ब्लाँ ही आज जवळपास विस्मृतीत गेलेली पांढरी जात यांच्या संकरातून गामे निर्माण झाली. म्हणजे घराणे मोठे, तरीही तिच्या वाट्याला मान आला नाही. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने आपल्या मुलखातून गामेच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. ही जात लवकर पिकत असे आणि भरघोस माल देत असे, त्यामुळे शेतकरी ती आनंदाने लावत होते. ड्यूकला मात्र पिनोच्या वाइनची कीर्ती धोक्यात येईल अशी भीती वाटत होती. त्याच्या हुकुमाने बर्गंडीच्या मुख्य भागात गामेची पीछेहाट झाली, पण दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या उतारांवर ती टिकून राहिली आणि याच कसहीन जमिनीने तिचा अवास्तव जोम आवरून धरला. बोजोलेच्या बऱ्याच जुन्या बागांमध्ये वेल मांडवावर किंवा तारांवर न चढवता बुटक्या झुडपासारखी छाटून ठेवलेली असते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला ती ओळखूही येणार नाही, इतकी ती जमिनीलगत वाढते.

द्राक्षे न चिरडता वाइन कशी होते

नेहमीच्या पद्धतीने रेड वाइन करताना द्राक्षांचे देठ काढतात, मणी फोडतात आणि साल, बिया व रस एकत्र आंबू देतात. यीस्ट हे सूक्ष्मजीव रसातील साखरेपासून मद्यार्क बनवतात आणि तो मद्यार्क सालीतून रंग व टॅनिन आणि बियांमधून आणखी टॅनिन काढून घेतो. बोजोलेची रूढ पद्धत पहिल्याच पायरीवर या वाटेपासून वेगळी होते.

तोडणी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये होते आणि परंपरेने ती हातांनीच केली जाते. यंत्राने तोडणी केली तर मणी देठापासून सुटतात आणि फुटतात, तर इथे अखंड घडांचीच गरज असते. हे घड देठांसकट, न फोडता, मोठ्या टाकीत वरून सोडले जातात. टाकी भरत जाते तसतसे तळाचे घड वरच्या भाराने चेंगरतात, त्यांचा रस सुटतो आणि सालींवर असलेल्या यीस्टमुळे किंवा बाहेरून घातलेल्या यीस्टमुळे तो आंबू लागतो. आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीतील हवेला बाहेर ढकलतो आणि काही काळात अखंड घडांभोवती प्राणवायू उरतच नाही.

यानंतर जे घडते ते मला या संपूर्ण विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. तोडलेला असला तरी मणी अजून जिवंत असतो, त्याच्या पेशींचे काम चालू असते. प्राणवायू मिळेनासा झाल्यावर या पेशी स्वतःच्याच विकरांच्या साहाय्याने आतली थोडी साखर मोडून तिच्यापासून मद्यार्क बनवू लागतात. या क्रियेत यीस्टचा सहभाग नसतो. साल अभंग असते आणि किण्वन तिच्या आत, गरातच चालू असते. त्याच वेळी मण्यातील मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदात असते तेच करकरीत आम्ल, बऱ्याच अंशी कमी होते, त्यामुळे आंबटपणाची धार बोथट होते. सालीतील रंग आतल्या गरात झिरपतो आणि मूळचा पांढरा गर गुलाबी होतो. या अवस्थेत चेरीच्या बाठीची आठवण करून देणारे आणि रासबेरी-स्ट्रॉबेरीच्या वासाचे सुगंधी घटकही निर्माण होतात, आणि बोजोलेचा पेला नाकाजवळ नेताच ते ओळखू येतात. मण्यातील मद्यार्काचे प्रमाण साधारण 2 टक्क्यांपर्यंत पोहोचले, की पेशी मरतात, साल सैल पडते, मणी आपोआप फुटू लागतो आणि उरलेली साखर यीस्टच्या हाती येते.

टाकीत बाहेरून कार्बन डायऑक्साइड भरून सगळेच घड प्राणवायूविना ठेवले, तर त्या पद्धतीला कार्बनिक मॅसरेशन म्हणतात. फ्रान्समध्ये 1930 च्या दशकात मिशेल फ्लांझी या संशोधकाने तिचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. बोजोलेत मात्र तळाशी सुटलेला रस आपला वायू आपणच तयार करतो; म्हणून या पद्धतीला सेमी-कार्बनिक म्हणतात आणि ती तिथे शास्त्राने नाव देण्याच्या फार आधीपासून चालत आलेली आहे. एकाच टाकीत खाली यीस्टचे नेहमीचे किण्वन आणि वर मण्यांच्या आतले किण्वन, अशा दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात, आणि दोहोंचे प्रमाण कसे राखायचे यातच वाइन करणाऱ्याचे कौशल्य दिसते. मण्यांच्या आतली क्रिया 30 अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने चालते, म्हणून सुरुवातीला टाकी उबदार ठेवणे अनेकजण पसंत करतात. थंड ठेवली तर काम मंदावते आणि वाइनची धाटणीही बदलते.

घड टाकीत किती दिवस राहतात यावर पुढचे सारे अवलंबून असते. नोव्हेंबरमध्येच विकायच्या नव्या वाइनसाठी चार-पाच दिवस पुरतात, साध्या बोजोलेसाठी आठवड्याच्या आसपास, आणि उत्तरेकडच्या प्रतिष्ठित गावांच्या वाइनसाठी दहा दिवस ते तीन आठवडे लागतात. दिवस वाढतात तसा सालीतून आणि देठांतून अधिक ऐवज रसात उतरतो आणि वाइनला बांधा येतो.

मग टाकी रिकामी करतात. आधी तळाचा मोकळा रस वाहू देतात आणि नंतर उरलेले, अजून बरेचसे अखंड असलेले मणी दाबयंत्रात घालतात. नेहमीच्या रेड वाइनमध्ये दाबून काढलेला भाग अधिक तुरट आणि राकट असतो, इथे तो उलट अधिक गोड आणि सुवासिक असतो, कारण मण्यांच्या आत घडलेले सारे सुगंध त्याच रसात असतात. तोडणीच्या दिवसांत दाबयंत्रातून निघणाऱ्या या अर्धवट आंबलेल्या गोड रसाला तिथले लोक पारादी, म्हणजे स्वर्ग, म्हणतात. दोन्ही रस एकत्र करून सालींविना, कमी तापमानाला उरलेली साखर आंबवतात. शेवटी जिवाणूंच्या मदतीने उरलेसुरले मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलते. मग वाइन सिमेंटच्या किंवा स्टीलच्या टाकीत, क्वचित जुन्या मोठ्या लाकडी पिंपांत निवत ठेवतात आणि बहुतेक बाटल्या पुढच्या वसंतात किंवा त्यानंतर भरल्या जातात.

सर्वचजण या वाटेने जात नाहीत, हेही सांगायला हवे. काही उत्पादक बर्गंडीप्रमाणे देठ काढून, मणी फोडून, लाकडी पिंपात मुरवून वाइन करतात आणि ती अधिक गंभीर, काहीशी पिनो न्वारच्या वळणाची होते. काहीजण आंबवण्यापूर्वी द्राक्षे तापवून रंग लवकर काढून घेतात. त्यातून झटपट, गडद पण एकसुरी वाइन मिळते. माझ्या मते बोजोलेचा खरा स्वभाव अखंड घडांच्या पद्धतीतच दिसतो.

नूव्हो: तरुण वाइनचा उत्सव

बोजोलेचे नाव जगभर पोहोचवले ते नूव्होने. तोडणीनंतर जेमतेम दोन महिन्यांत बाजारात येणारी ही वाइन पूर्वी लियोंच्या खानावळींमध्ये पिंपांतूनच वाढली जात असे. 1951 साली ती डिसेंबरच्या आधी विकण्याची अधिकृत परवानगी मिळाली आणि 1985 पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा तिचा दिवस ठरला. त्या दिवशी मध्यरात्री बाटल्या उघडल्या जातात आणि या प्रदेशाला ज्या गावाने नाव दिले त्या बोज्यो येथे उत्सव होतो. जॉर्ज द्युबफ या व्यापाऱ्याने या दिवसाची अशी काही प्रसिद्धी केली, की जपानसारख्या दूरच्या देशातही लोक त्याची वाट पाहू लागले. वाढत्या मागणीमुळे मात्र घाईने केलेली, पिकलेल्या केळ्याच्या किंवा च्युइंग गमच्या वासाची वाइनही मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. हा वास मुख्यतः विशिष्ट जातीच्या यीस्टमुळे येतो, गामे द्राक्षावर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे आहे. चांगली नूव्हो रसरशीत आणि निर्मळ असते. ती मिळाली तर पुढच्या उन्हाळ्याच्या आत संपवावी. जपून ठेवण्यात काहीही लाभ नाही.

बाटली कशी निवडावी

लेबलवर तीन पातळ्या दिसतात. नुसते बोजोले असे लिहिलेली वाइन बहुधा दक्षिणेकडच्या चिकणमातीच्या जमिनीवरची असते आणि ती एक-दोन वर्षांत प्यावी. बोजोले-व्हिलाज हे नाव उत्तरेकडच्या 38 गावांना मिळालेले आहे. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, कारण फळाचा ताजेपणा आणि थोडा अधिक भरीवपणा यांचा मेळ इथे वाजवी दरात जमतो.

त्यांच्यावर दहा क्रू आहेत. क्रू म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकण्याचा मान मिळालेला लहान परिसर. इथेच खरेदीदाराची हमखास गल्लत होते, कारण या बाटल्यांवर बऱ्याचदा बोजोले हा शब्दच नसतो, केवळ क्रूचे नाव असते. म्हणून ही नावे लक्षात ठेवावीत: सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी. यांपैकी रेन्येला हा दर्जा सर्वांत शेवटी, 1988 साली मिळाला.

दहाही क्रूंची लक्षणे पाठ करण्याची गरज नाही. मी चारांपासून सुरुवात करण्यास सुचवेन. ब्रुयी हा सर्वांत मोठा क्रू असल्यामुळे त्याची बाटली तुलनेने सहज मिळते आणि तिच्यात मऊ, रसाळ फळ असते. फ्लरी नाजूक आणि सुगंधी असते. फुलांचा दरवळ ज्यांना आवडतो त्यांनी ती घ्यावी. मॉर्गों अधिक भरदार असते, विशेषतः कोत द्यु पी या टेकडीवरची, जिथला खडक ग्रॅनाइटपेक्षा वेगळा आणि गडद आहे. पहिल्या वर्षी ती थोडी मिटलेली वाटते, चार-पाच वर्षांनी तिच्यात पिकलेल्या चेरीची आणि ओल्या मातीची खोली येते. मुलँ-आ-व्हाँ या नावामागे टेकडीवरची जुनी पवनचक्की आहे. तिथल्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मँगनीजचा अंश आहे आणि तिथली चांगल्या वर्षाची वाइन दहा वर्षांहून अधिक काळ टिकते. कोत द ब्रुयीच्या बागा ज्या ब्रुयी डोंगराच्या उतारांवर आहेत, त्याच्या माथ्यावर एक छोटे चर्च आहे. एकोणिसाव्या शतकात भुरी रोगाने बागांची दैना केली, तेव्हा वेलींच्या रक्षणासाठी ते बांधले गेले. भुरीचा त्रास काय असतो हे आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळे सांगायला नको.

गावाइतकेच उत्पादकाचे नावही पाहावे. झ्युल शोव्हे या वाइन व्यापारी आणि रसायनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरोगी द्राक्षे, सालीवरचे नैसर्गिक यीस्ट आणि वाइन टिकवण्यासाठी घातला जाणारा सल्फर शक्य तितका कमी, यांचा आग्रह धरला. त्याच्या विचारांवर मार्सेल लाप्येर, झाँ फोयार्द हे उत्पादक आणि त्यांच्या काही साथीदारांनी मॉर्गोंमध्ये काम केले आणि नूव्होच्या झगमगाटात झाकोळलेली या प्रदेशाची प्रतिष्ठा पुन्हा उजळली. अशा कमी सल्फरच्या बाटल्या अत्यंत जिवंत चवीच्या असतात, मात्र त्यांना उष्णता सोसत नाही. भारतात ती घेताना दुकानात बाटली वातानुकूलित जागेत होती का, हे पाहूनच घ्यावी. उन्हाच्या काचेत उभी ठेवलेली बाटली कितीही नावाजलेली असली तरी सोडून द्यावी. आयात करामुळे आपल्याकडे ही वाइन तिच्या मायदेशाच्या मानाने बरीच महाग पडते. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना ती साध्या दुकानातही मिळेल.

गार करणे आणि वाढणे

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम थंड दगडी घरांच्या देशातला आहे. मे महिन्यातल्या मुंबईत किंवा नागपुरात तो पाळला, तर मद्यार्क नाकात चढतो आणि फळ चेपून जाते. नूव्हो आणि साधी बोजोले 11 ते 13 अंशांना, तर क्रू 14 ते 16 अंशांना उत्तम लागते. टॅनिन भरपूर असलेली वाइन थंड केली की तिचा तुरटपणा अधिक बोचतो; बोजोलेत टॅनिनच कमी, त्यामुळे गारव्याने तिचे फळ आणखी ताजे भासते. आपल्या हवेत बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवावी, किंवा बर्फ आणि पाणी घातलेल्या भांड्यात वीस मिनिटे. ती रात्रभर फ्रिजमध्ये राहिली असेल, तर वाढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढावी. पेला एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वास साठायला जागा राहते आणि वाइन पेल्यात गरम होण्याआधी संपते.

लियोंमध्ये ती डुकराच्या मांसाची सॉसेजेस, थंड मांसाचे काप, भाजलेली कोंबडी आणि मऊ चीज यांच्यासोबत घेतात, तीही 46 सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या खास बाटलीतून. आपल्या जेवणासोबत विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिखट, मद्यार्क आणि टॅनिन एकत्र आले की जिभेची आग वाढते. बोजोलेत टॅनिन कमी असल्याने बेताच्या तिखटाची कोंबडी, तंदुरी मांस, तळलेली सुरमई किंवा भरली वांगी तिच्यासोबत चांगली जमतात. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासोबत मात्र ती घेऊ नये. तिथे वाइनचे नाजूक फळ टिकत नाही आणि रश्श्याचीही चव बिघडते.

शक्य असेल तर एकाच संध्याकाळी, चार-सहा जणांत मिळून, एक बोजोले-व्हिलाज आणि एक मॉर्गों शेजारी शेजारी उघडावी. आधी व्हिलाज प्यावी, मग मॉर्गों, आणि मग पुन्हा व्हिलाज. टाकीतले जास्तीचे दिवस आणि टेकडीचा गडद खडक यांनी काय फरक पडतो, तो या क्रमाने घेतल्यास स्पष्ट कळतो. उरलेल्या वाइनला बूच घट्ट लावून बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवावी. व्हिलाज दुसऱ्या दिवशी संपवावी, मॉर्गों तिसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि तरुण असेल तर दुसऱ्या दिवशी अधिक खुललेली आढळते.